नाव घातलेली भांडी

धायरी
१० नोव्हेंबर २०२४

चि. स्पृहा हिस,

अनेक आशीर्वाद. तू रागात असलीस तरी आशीर्वाद परत पाठवता येत नाहीत, तेव्हा ठेवून घे.

काल संध्याकाळी तुझ्या घरी येऊन पोचले. अनिरुद्धमामा सोडायला आला होता. सदाशिव पेठेतल्या आपल्या बिल्डिंगचं पाणी शुक्रवारी तोडलं. आता ती पाडणार आणि तीन वर्षांत नवी बांधून देणार, असं बिल्डर म्हणतो. बिल्डरच्या तीन वर्षांबद्दल मी काही बोलत नाही. नव्या पेठेतली भाड्याची जागा फेब्रुवारीत मिळणार, तोवर या बाईला ठेवायचं कुठे, यावर मामाने बरीच डोकेफोड केली आणि शेवटी तुला फोन लावला. तू जर्मनीत, घर बंद, म्हणजे कोणाचीच अडचण नाही.

तुझ्या अटी त्याने मला जशाच्या तशा सांगितल्या. एका बॅगेपलीकडे सामान आणायचं नाही. नवीन काही विकत घेऊन घरात ठेवायचं नाही. आणि पंधरा फेब्रुवारीला तू परत यायच्या आत किल्ली समोरच्या द्वारकाबाईंकडे देऊन मी गेलेली असायला हवं, म्हणजे आपली गाठ पडायला नको. दीड वर्ष पडली नाही, आणखी पडली नाही तर काय बिघडलं, असं तुला वाटत असेल. मला तसं वाटत नाही, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला तर निळ्या खुणा होतात आणि पुढे काही नाही. पत्राला निळ्या खुणा नसतात. त्यामुळे तू वाचलंस असं धरून चालता येतं.

आता तुझ्या घराविषयी. दार उघडल्या उघडल्या मामा म्हणाला, "ताई, चोरी झाली की काय गं?" हॉलमध्ये एक चटई आणि चार भिंती. बेडरूममध्ये गुंडाळलेली गादी. स्वयंपाकघरात दोन ताटल्या, दोन वाट्या, पातेलं, कढई, कुकर आणि सुरी. पोळपाट नाही, लाटणं नाही, सांडशी नाही. आणि चहाचं गाळणं नाही! सकाळी मी चहा रुमालाने गाळला. बसायला खुर्ची नाही. जमिनीवर बसायला मला जरा वेळ लागतो, आणि उठताना तर देवच आठवतो.

"याला मिनिमलिझम म्हणतात," मामाने माहिती पुरवली. मी म्हटलं, आमच्या वेळी याला नवा संसार म्हणायचे, आणि लोक भांडी आणून द्यायचे.

भांड्यांचा विषय निघालाच आहे तर तो इथेच थांबवते. पहिल्याच पत्रात भांडण नको.

तुझी आई


धायरी
२२ नोव्हेंबर

चि. स्पृहा,

तुझ्या समोरच्या द्वारकाशी ओळख झाली. ती आपणहून दारात आली. "काकू, एकट्याच राहून राहिल्या तुम्ही? जेवण-बिवण काय करता?" असं म्हणत तिने वाटी पुढे केली. पातोडीची रस्साभाजी होती. यवतमाळकडची आहे म्हणे. नवरा विक्रम चाकणला कारखान्यात आहे, हे तुला ठाऊक असेलच. की नसेल? तू कोणाशी किती बोलतेस ते मला कुठे माहीत आहे!

भाजी इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं, पण वाटी पुसून खाल्ली. मग वाटी परत करायची वेळ आली आणि माझी पंचाईत झाली. तुझ्या घरात वाटीत घालायला काही नाही. रिकामी वाटी तर परत करता येत नाही. आपल्याकडे काहीच नसलं की निदान चिमूटभर साखर घालायचे. तुझ्याकडे साखरही नाही, कसली तरी पानं उकळून पितेस तू. शेवटी खाली जाऊन रवा, साखर आणि तूप आणलं, शिरा केला आणि वाटी भरून दिली. खाण्याच्या वस्तू अटींमध्ये मोडत नाहीत असं मी गृहीत धरलं आहे.

द्वारका वाटीकडे बघतच राहिली. म्हणाली, "काकू, खरं सांगू? स्पृहाताई वाटी घासूनपुसून त्याच दिवशी परत करत. रिकामी. मले वाटलं, काही राग आला असन. मंग मी देणंच बंद केलं."

स्पृहा, हे मी तुला शिकवलं नव्हतं का गं? तुला वस्तू नकोत, मान्य. घरात एक चमचा ठेव नाहीतर अर्धा ठेव. पण शेजारीण वाटी भरून देते, तेव्हा तिला वाटी नको असते. पुढच्या वेळी तू येशील म्हणून देते ती.

शिरा आवडला म्हणे. आज त्याच वाटीतून शेंगदाण्याची चटणी आली आहे.

तुझी आई


धायरी
८ डिसेंबर

चि. स्पृहा,

काल मामाचा फोन आला. "तुझ्या लेकीचा मेसेज आहे. आईला सांग, खुर्ची आणू दे."

म्हणजे पहिलं पत्र पोचलं. आणि वाचलंसही.

मी दिवसभर हे वाक्य घेऊन घरात हिंडत होते. हिंडायला जागा भरपूर आहे. संध्याकाळी मामाला निरोप दिला की खुर्ची आणणार नाही. अट म्हणजे अट. द्वारकाने तिच्याकडची प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली आहे. ती उसनी आहे, त्यामुळे तुझ्या हिशोबात ती धरायची नाही.

एक गोष्ट कबूल करते, पण हसू नकोस. मला हे घर थोडंसं आवडायला लागलं आहे. केर काढायला घेतला की संपतो. ताटल्या दोनच असल्यामुळे जेवल्याबरोबर घासल्या जातात. पेठेत माझी अर्धी सकाळ वस्तू सरकवण्यात जायची, हे इथे आल्यावर लक्षात आलं. आता सकाळी चालायला जाते, धारेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन येते. मात्र गाळणं असायला हवं, यावर मी ठाम आहे.

पहिल्या पत्रात थांबवलेला विषय आता पुरा करते, नाहीतर तो दोघींच्या मध्ये तसाच बसून राहील. तू पाचवीत गेलीस तेव्हापासून दर दिवाळीला मी तुझ्यासाठी एक भांडं घेत आले. भांडी आळीतला तो दुकानदार मशीन हातात घेऊन विचारायचा, "काय नाव घालू?" मी म्हणायची, चि. स्पृहा. खर्र खर्र करत नाव उमटायचं आणि मला फार बरं वाटायचं. तुझ्या वास्तुशांतीला ट्रंक भरून ती सगळी आणली. तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस, "आई, मला हे नकोय. घेऊन जा." मी म्हटलं, "मग मलाही नको म्हण." तू काहीच बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून ट्रंक परत आली.

तू गप्प बसलीस तेच लागलं मला. भांड्यांचं काय, नाव घातलेलं भांडं दुकानदार परत घेत नाही आणि दुसऱ्या कोणाला देता येत नाही, म्हणून ती माळ्यावर गेली. पण तू 'नाही, तू हवी आहेस' एवढं म्हणायला हवं होतंस. अजूनही म्हणालीस तरी चालेल.

तुझी आई


धायरी
२९ डिसेंबर

स्पृहा,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

काल द्वारकाकडे मटार सोलत बसले होते. बोलता बोलता तिच्या सासूबाईंचा विषय निघाला. त्या गेल्या वर्षी पावसाळ्यात गेल्या. विक्रमला आईची एकही वस्तू बाहेर काढवेना आणि द्वारकाला एकटीला ते झेपेना. "मंग तुमची पोरगी आली जी," द्वारका म्हणाली. "सुट्टी टाकून दिवसभर माझ्याजवळ बसली. एकेक लुगडं हातात घे आणि मले विचार, हे ठेवायचं? हे कोणाला द्यायचं? घाई नाही केली. मी रडली की थांबे. पाणी आणून दे आणि मंग पुढचं लुगडं घे."

मी म्हटलं, आमची स्पृहा?

"तुमचीच. मी विचारलं, ताई, तुम्हाले हे कसं काय जमते? तर म्हणे, बाबांचं मी एकटीनं आवरलं होतं."

मग तिने सगळं सांगितलं. तुझ्या बाबांच्या खोलीतले ते डबे. स्क्रू, वायरी, रेडिओच्या पोटातले भाग, बंद पडलेली घड्याळं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्या खोलीत काय काय साठलं होतं ते मलाही नीट माहीत नव्हतं. प्रत्येक डब्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी, 'उपयोगी पडेल'. तू एकेक डबा उघडायचीस आणि त्यातलं काय खरंच उपयोगी पडणार होतं ते सांगायला माणूसच नव्हतं. मला विचारायला फोन करायचीस, तर मी पलीकडून रडायला लागायची. म्हणून तू विचारायचं सोडलंस. महिनाभर रोज ऑफिसातून येऊन तू त्या खोलीत बसत होतीस.

बाबा गेल्यावर तो महिना मी कोथरूडला मामाकडे होते. परत आले तर खोली मोकळी झालेली. मला वाटलं, मामाने माणसं लावून करून घेतलं. मामाला वाटलं, मी कोणाला तरी सांगितलं होतं. तू दोघांनाही काही बोलली नाहीस. आम्ही दोघं मोठी माणसं, आणि एकालाही तुला 'जेवलीस का' असं विचारायचं सुचलं नाही.

आणि तू द्वारकाला म्हणालीस म्हणे, माझ्यामागे कोणाला असं बसायला लागू नये, म्हणून मी काही ठेवतच नाही. अगं, चौतिसाव्या वर्षी हा कसला विचार? आधी नंबर माझा आहे. माझ्या मागचं मी बघते. तू तुझ्या मागचं कशाला बघतेस?

मला वाटत होतं, तू हे सगळं कुठल्यातरी व्हिडिओत बघून करतेस. चार लोकांत सांगायला बरं वाटतं म्हणून. काल रात्री तुझ्या गादीवर पडले आणि त्या रिकाम्या भिंतीकडे बघून मला फार रडू आलं. तुझं रडू, तेव्हा यायला हवं होतं ते.

आई


धायरी
१२ जानेवारी २०२५

चि. स्पृहा,

काल लोणी काळभोरला गेले होते. मामाच्या मित्राची, केदारची तिथे शेती आहे आणि त्याच्या शेडमध्ये आपलं सगळं सामान ठेवलं आहे. मामाला म्हटलं, मला नुसतं बघायचंय. तो म्हणाला, "सामान काय बघायचं असतं? पळून जाणार आहे का ते?"

शेडचं दार उघडलं आणि मी उभीच राहिले. छतापर्यंत खोकी. पॅकिंगवाल्याने बिचाऱ्याने मला विचारलं होतं, ताई, यावर काय लिहू? आणि मी घाईघाईत हातात मार्कर घेऊन एकेका खोक्यावर लिहीत सुटले होते. किरकोळ. किरकोळ. वरचं किरकोळ. माळ्यावरचं किरकोळ. माझं अक्षर आहे, मीच वाचत होते. एका खोक्यावर तर 'असू दे' एवढंच. बाबांना नावं ठेवायला मला तोंड उरलं नाही.

माझ्यामागे तू या शेडमध्ये बसली आहेस आणि एकेक खोकं उघडते आहेस, असं डोळ्यांसमोर आलं. या वेळी तर फोन करून विचारायलाही कोणी नाही.

पहिलं खोकं फोडलं. त्यात गाळणी निघाली, तीन. मी तिथेच खोक्यावर बसून हसत सुटले आणि मामा घाबरला.

संध्याकाळपर्यंत बसले. केदारच्या वस्तीवरच्या बायकांना बोलावलं. म्हटलं, जिला जे उपयोगी आहे ते तिने न्यावं. एक बाई पितळी घंगाळ उचलत म्हणाली, "आजी, चांगलं हाय की हे, कशाला देताय?" मी म्हटलं, चांगलं आहे म्हणूनच. एका दिवसात काही संपलं नाही. आता दर शनिवारी जाणार आहे. मामा कुरकुरतो, पण गाडी काढतो. मी हातात वस्तू घेते आणि तो विचारतो, "हे ठेवायचं?" त्याला तसं विचारायला मीच सांगितलं आहे.

गाळण्यांतलं एकही आणलं नाही, मोह झाला तरी. आणली फक्त ती ट्रंक. ती तुझ्या घरात आलेली नाही, उगाच दचकू नकोस. द्वारकाच्या गॅलरीत आहे. तिचं काय करायचं ते मी ठरवलं आहे.

तुझी आई


धायरी
२७ जानेवारी

चि. स्पृहा,

काल तुझ्या घरात हळदीकुंकू झालं. तुझी परवानगी घेतली नाही, पण वस्तूंबद्दलच्या अटींमध्ये बायकांविषयी काही लिहिलेलं नव्हतं.

त्याचं झालं असं, संक्रांतीचं हळदीकुंकू द्वारकाला करायचं होतं, पण तिच्या हॉलमध्ये सोफा, शोकेस, मुलीची सायकल आणि विक्रमचं व्यायामाचं यंत्र. सगळ्या विंगमध्ये एवढ्या बायका एकदम बसतील असा हॉल एकच आहे. ऋतिकानेच शोधून काढलं. तिसऱ्या मजल्यावरची गं, आयटीतली. दारातून डोकावून म्हणाली, "काकू, काय स्पेस आहे! आमच्याकडे इतकं फर्निचर आहे की पाहुणे आले की आम्हीच उभे राहतो."

मी आपली मागे स्वयंपाकघरात उभी राहिले होते. तुझे बाबा गेल्यापासून अशा कार्यक्रमांत मी पुढे होत नाही, आणि कोणी बोलवतही नाही. द्वारका हातात कुयरी घेऊन आत आली. "काकू, काहून लपून राहिल्या? घर तुमच्या पोरीचं, वाण तुमचं." आणि सरळ माझ्या कपाळाला बोट लावलं. मी काही म्हणायच्या आत ती पुढे गेलीसुद्धा. मग मीही बाहेर जाऊन बसले.

वाण म्हणून मी तुझी भांडी वाटली. पातेली, डबे, वाट्या, ती मोठी परात, सगळी. एकेक बाई भांडं हातात घेई, उलटं करून बघे आणि थबके. ऋतिकाने मोठ्याने वाचलं, "चि. स्पृहा, दिवाळी २००४. काकू, यावर तर स्पृहाचं नाव आहे. मी घरी घेऊन जाणं ऑकवर्ड नाही का?"

मी म्हटलं, नावाचं आहे म्हणूनच देते आहे. नाव असलेलं भांडं ज्याचं त्याला परत करावं लागतं. वापरा, मनासारखं वापरा, आणि कधीतरी तिच्या दारात नेऊन द्या. मात्र रिकामं द्यायचं नाही. तीही तुम्हाला रिकामं परत करणार नाही. हे शेवटचं वाक्य मी तुझ्या वतीने बोलले आहे. मला तोंडघशी पाडू नकोस.

द्वारका तोंडाला पदर लावून हसत होती.

तेव्हा तुझ्या घरात एक चमचाही वाढलेला नाही, तपासून बघ. पण तुझ्या नावाची भांडी आता पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत आहेत. ट्रंक रिकामी झाली, ती विक्रमने नेली. हत्यारं ठेवतो म्हणाला.

तुझी आई


धायरी
१३ फेब्रुवारी

चि. स्पृहा,

हे पत्र पोस्टाने वेळेवर पोचायचं नाही, म्हणून ऋतिकाकडून फोटो काढून घेऊन मामाला पाठवते आहे. तो तुला पाठवेल. निळ्या खुणांची मला आता भीती वाटत नाही.

नव्या पेठेतल्या जागेची किल्ली परवा मिळाली. दोन खोल्या आहेत. मामा म्हणाला, "लोणीहून टेम्पो कधी आणायचा?" मी म्हटलं, टेम्पो कशाला, तुझी गाडी पुरेल. पाच शनिवार झाले. जे उरलं आहे त्यात घडीचा पलंग आहे, देव आहेत, एक खुर्ची आहे, बाबांचा एक रेडिओ आहे, आणि हो, एक गाळणं. पुढचंही मीच आवरत राहणार आहे. माझ्यानंतर तुला कुठल्या शेडमध्ये बसावं लागणार नाही, स्पृहा. आणि काही उरलंच, तर बसायला अख्खी विंग येईल, द्वारका सर्वांत आधी. एकटीने काही करायचं नाही आता.

तुझं घर जसं होतं तसं लावून ठेवलं आहे. गादी गुंडाळली, ताटल्या पुसून जागेवर ठेवल्या. द्वारकाची खुर्ची परत केली, त्यावर तिळाच्या वड्यांचा डबा ठेवून. माझी बॅग दाराशी आहे.

अटीप्रमाणे उद्या मला निघायला हवं. दिवसभर तोच विचार करते आहे. तीन महिने तू मला तुझं घर वापरायला दिलंस, न बोलता का होईना, पण दिलंस. आता ते परत करायचं आहे, आणि घेतलेलं रिकामं परत करायची मला सवय नाही. एकदा वाटलं, पोळपाट ठेवावा, एकदा वाटलं, दिवा ठेवावा. पण तुला वस्तू नको आहेत, आणि का नको आहेत ते मला आता ठाऊक आहे.

म्हणून मी उद्या निघत नाही. नव्या पेठेत सोळाला जाईन. शनिवारी तू विमानतळावरून येशील तेव्हा भात आणि आमटी तयार असेल. दोन ताटल्या आहेत, तेवढ्या पुरतील. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, जेव आणि झोप. मला तुला बघायचं आहे. फार आठवण येते गं तुझी.

किल्ली द्वारकाकडे ठेवलेली नाही. बेल वाजव. मला जमिनीवरून उठायला वेळ लागतो, तेवढी थांब.

तुझी आई